शब्दचर्चा: आयरिश लढ्यातल्या स्त्रियांची ‘सेवा’, ‘मदत’ की ‘कामगिरी’?

मूळ धागा

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या (१९१६ ते १९२३) स्त्रियांवर लेख लिहिते आहे. लढलेल्यांना पुढे आयरिश सरकारने पेन्शन दिली, पण स्त्रियांना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मूळ कागदांत ‘मिलिटरी सर्व्हिस’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ हे शब्द जागोजागी येतात. त्यांना ‘लष्करी सेवा’ आणि ‘सक्रिय सेवा’ म्हणावं, तर पुरुषांच्या बाबतीत काही अडत नाही. पण ‘स्त्रियांची सेवा’ म्हटलं की वाचकाला शुश्रूषा तरी आठवते, नाहीतर स्त्रियांसाठी केलेलं काही काम. इथे अर्थाचा घोटाळा परवडणार नाही, कारण सगळं भांडणच या अर्थावरून झालं होतं.

मार्गारेट स्किनिडर यांचं उदाहरण घ्या. ग्लासगोत गणित शिकवणारी ही बाई १९१५च्या नाताळात टोपीत बाँबचे डिटोनेटर लपवून डब्लिनला आली. १९१६च्या ईस्टरला ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या उठावात डब्लिनमधल्या सर्जन्स कॉलेजच्या छपरावरून तिने नेम धरून गोळ्या झाडल्या. हारकोर्ट स्ट्रीटवर एका तुकडीच्या पुढे असताना तिला तीन गोळ्या लागल्या. १९२५मध्ये तिने जखमी म्हणून पेन्शन मागितली. सरकारी कायदेतज्ज्ञांचं मत पडलं की कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द रूढ पुरुषवाचक अर्थानेच घ्यायचा. अर्ज फेटाळला गेला. पेन्शन मिळाली ती १९३८ साली.

तर ‘सर्व्हिस’ला काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, ‘कामगिरी’ लिहा. ‘कामगिरीवर असणे’, ‘कामगिरीवर पाठवणे’ हे आपल्याकडे फौजेच्या आणि पोलिसांच्या तोंडी रोज असतं. त्यात स्त्री-पुरुष असा वास नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ला ‘प्रत्यक्ष लष्करी कामगिरी’. कायद्याचं नाव देताना मात्र ‘लष्करी सेवा निवृत्तिवेतन कायदा’ असंच ठेवावं लागेल, तिथे इलाज नाही.

प्रतिसाद

‘निवृत्तिवेतन’ नको. निवृत्त व्हायला या बायका नोकरीत कुठे होत्या? ‘पेन्शन’ हा आता मराठीच शब्द आहे, तोच वापरा.

जुना एक शब्द या निमित्ताने आठवला, ‘बालपरवेशी’. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांना जी नेमणूक मिळे ती. १९२३च्या आयरिश लष्करी पेन्शनच्या कायद्यातही मृतांच्या विधवांना आणि आयांना भत्ता होता. म्हणजे नवरा किंवा मुलगा पडला तर बाईला पैसे होते, ती स्वतः गोळी खाऊन आली तर नव्हते. त्या भत्त्याला ‘बालपरवेशी’ म्हणा असा आग्रह नाही, विसाव्या शतकाला तो शब्द जुनाट वाटेल. पण या दोन प्रकारच्या पैशांना लेखात दोन वेगळे शब्द हवेत: एकाला ‘वारस भत्ता’, दुसऱ्याला ‘पेन्शन’. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर स्किनिडरबाईंवरचा अन्याय वाचकाला दिसणारच नाही.

मूळ धागाकर्ती

दोन्ही सूचना घेतल्या. आता खरी अडचण सांगते. १९३४च्या कायद्याने ‘कुमन ना मान’ या संघटनेच्या स्त्रियांना पेन्शनचा मार्ग मोकळा झाला. पण श्रेण्या होत्या अ ते ई अशा पाच, आणि या स्त्रियांना खालच्या दोनच खुल्या होत्या. माझ्या मसुद्यात वाक्य असं आहे: ‘स्त्रियांनी निरोप पोहोचवून, जेवण देऊन, जखमींची काळजी घेऊन क्रांतिकारकांना मदत केली.’ वाक्य खटकतं आहे, पण नेमकं कुठे ते कळत नाही.

प्रतिसाद

‘मदत केली’ इथे. मदत बाहेरचा माणूस करतो. ‘क्रांतिकारकांना मदत केली’ म्हणताक्षणी त्या स्वतः क्रांतिकारक नव्हत्या असं तुम्हीच ठरवून टाकलंत. आपल्याकडच्या चळवळींवर लिहितानाही हे सर्रास होतं: पुरुष ‘भूमिगत होते’ आणि त्यांना घरात लपवणाऱ्या बाईने ‘साहाय्य केलं’. मला याचा फार राग येतो.

आता एकेक क्रियापद बघू. ‘निरोप पोहोचवला’ हे शेजारणीचं काम वाटतं. मराठी फौजेत हेच काम जासूद करत आणि त्याचा त्यांना पगार मिळे. ‘खलिते पोहोचवले’ लिहा. कुठे छापा पडणार, कोणता रस्ता मोकळा आहे हे सांगणारे कागद अंगावर लपवून नाक्यांवरून नेणं, याला तोच शब्द शोभतो.

‘जेवण दिलं’ तर सगळ्यात फसवं. डिसेंबर १९२०मध्ये दक्षिणेत कॉर्क, केरी, लिमरिक आणि टिपररी या चार परगण्यांत लष्करी कायदा पुकारला गेला. बंडखोरांना थारा देणाऱ्याला त्यात देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत होती. १९२१च्या जानेवारीपासून ब्रिटिश फौजेने सूड म्हणून अधिकृतपणे घरं जाळायला सुरुवात केली. रात्री दहा-बारा हत्यारबंद माणसं दारात आली की त्यांना जेवू घालायचं, ओले कपडे वाळवायचे, बंदुका गवतात दडवायच्या, आणि पहाटे उठून बाहेर कोणी आहे का ते बघून यायचं. ‘थारा दिला’, ‘हत्यारं दडवली’, ‘टेहळणी केली’ असं वेगवेगळं लिहा. एका ‘मदत’मध्ये सगळं कोंबू नका.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत, एक पुस्ती जोडतो. ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द मराठीत बंदूक न धरलेल्यांनाही लागतो, आणि स्त्रियांना तर बिनदिक्कत लागतो. भारत सरकारच्या १९७२च्या पेन्शन योजनेत सहा महिन्यांचा कारावास ही अट होती, स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आणली गेली. म्हणजे कसोटी तुरुंगाची होती, चकमकीची नव्हती. पेन्शनचे अर्ज तपासणारं आयरिश मंडळ चकमक शोधत होतं. त्यामुळे आयरिश स्त्रियांना ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हणायला माझी हरकत नाही, पण १९२५च्या निकालाबद्दल लिहिताना नुसतं ‘सैनिक’च ठेवा. वाद त्या शब्दावर होता.

मूळ धागाकर्ती

पटलं. शेवटचं विचारते. ‘कुमन ना मान’चा शब्दशः अर्थ स्त्रियांची संघटना. एका मित्राने ‘महिला मंडळ’ सुचवलं आहे.

प्रतिसाद

कृपा करून नको. अर्थ जुळतो, पण डोळ्यांपुढे हळदीकुंकू येतं. ही संघटना एप्रिल १९१४मध्ये डब्लिनच्या विन्स हॉटेलात स्थापन झाली आणि तिच्या उद्दिष्टांतच हत्यारबंद दलाला बळ देणं होतं. आयरिश नावच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात ओळख करून द्या.

नावांचंही सांभाळा. १९१६ला लढलेली मुलगी तिशीच्या दशकात अर्ज करते तेव्हा बहुतेकदा सासरचं आडनाव लावते, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षी माहेरच्या नावाने असतात. तिथे ‘पूर्वाश्रमीची’ नको, तिने संन्यास घेतलेला नाही. ‘माहेरचं नाव’ असं सरळ लिहा, आणि लढ्याच्या प्रसंगांत तेच वापरा, कारण ती कामगिरी तिने त्या नावाने केली.