दम्याचा अटॅक उतरला, पण भावाला हातच उचलता येत नाहीये

धाकटा भाऊ, वय ३१. दम्याचा जबर अटॅक येऊन थेट व्हेंटिलेटरवर गेला. आठ दिवस नळी होती. पहिले तीन दिवस तो मशीनशी झगडत होता, म्हणून गुंगीच्या औषधासोबत स्नायू सैल पाडणारं औषधही चालू होतं. स्टेरॉइड तर होतंच. आता नळी निघालीय, छाती मोकळी आहे, बोलतो. पण काल चष्मा हातात दिला तर नाकापर्यंत नेता येईना. बोटं हलतात, खांदा हलत नाही. मांड्या तर बघवत नाहीत. तळव्याला गुदगुल्या केल्या की मात्र हसतो. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलंय म्हणे. डॉक्टर 'मायोपथी', म्हणजे स्नायूंचा आजार, म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले. हा अर्धांगवायू आहे का?

प्रतिसाद १
नाही हो. मी आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायू सहसा एका बाजूला होतो, हा अशक्तपणा दोन्हीकडे सारखा असतो. भरपूर स्टेरॉइड आणि त्यात स्नायू सैल पाडणारं औषध दिवसेंदिवस चाललं, की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिनच झिजू शकतं. दम्याच्या रुग्णात हे १९७७ सालीच नोंदवलं गेलंय. गुदगुल्या कळतात, म्हणजे संवेदना शाबूत दिसतात. दोष स्नायूत असावा. तरी नसांची तपासणी करणार का, ते विचारा. ताकदीचे गुणही विचारा: एकूण ६०, ४८च्या खाली म्हणजे ठळक अशक्तपणा.

प्रतिसाद २
मग स्टेरॉइड आजच बंद करायला सांगा ना!

प्रतिसाद १
कृपा करून असलं काही सांगू नका. तेच औषध त्याचा श्वास चालू ठेवतंय. डोस कधी उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील. आणि घरी गेल्यावर, इनहेलरमध्येही स्टेरॉइड असतं म्हणून घाबरून तो सोडला, तर पुन्हा तीच नळी.

प्रतिसाद ३
मी यातून गेलेय. उशीवरून मान उचलायलाच नऊ दिवस लागले. खोकल्यात जोर नसायचा, कफ घशात अडकून बसायचा, त्याची भीती चालण्यापेक्षा जास्त होती. तिकडे लक्ष ठेवा. जिना चढायला चार महिने गेले. कुणी "जरा मनावर घे" म्हणालं की डोकं फिरायचं.

मूळ प्रश्नकर्ता
"मनावर घे" मीच म्हणालो होतो, परवा. आज गुण विचारले: ३४. फिजिओ उद्यापासून दोनदा येणार. चष्मा मी घालून दिला, तर म्हणतो, वाकडा बसवलायस.