अनुभव धागा: गरिबीचं म्हणून लपवलेलं खाणं

परवा दुकानात ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवर ‘ग्लूटेन फ्री’ छापलेलं पाहिलं आणि शाळेतला डबा आठवला. भाकरी दिसू नये म्हणून मी झाकण आडवं धरून जेवायचो. पाव्हणे आले की आई शेजारून वाटीभर गव्हाचं पीठ उसनं आणायची. पोळ्या पाव्हण्यांना, आम्हाला भाकरी. 2023 हे भरडधान्यांचं वर्ष आहे असं सांगितल्यावर आई म्हणाली, ‘आम्ही तर रोजच साजरं करत होतो की.’

तुमच्या घरी काय लपवलं जायचं? लिहा. उपदेश नकोत.

बीडकडचा

72 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई-दादा दोघंही पाझर तलावाच्या कामावर. कामावर सुकडी मिळायची, आम्हा पोरांना ती खाऊच वाटायची. रेशनवर मात्र मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आजी आपली गावची मालदांडी ज्वारी खाल्लेली बाई, म्हणाली, ‘हे जनावराचं.’ दोन दिवस शिवली नाही, तिसऱ्या दिवशी खाल्ली. चाळीस एकरवालेही खडी फोडायला होते. त्या साली सगळे एका ओळीत बसले असं लोक कौतुकानं सांगतात. बसले, खरंय. पाण्याचे माठ मात्र वेगळेच होते.

सिंधुदुर्ग

आमच्यात लपवायचं काय? सकाळची पेज सगळ्यांकडेच. खोताच्या पेजेबरोबर सुकं मासळीचं, आमच्या पेजेबरोबर मिठातली मिरची, एवढाच फरक.

मूळचा नांदेडचा, आता पुण्यात

धागाकर्त्याची भाकरी निदान पिशवीत तरी आली. आमच्या चान्या कोण विकणार?

मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या वाड्याचं, आणि त्याचा मोबदला म्हणजे तेच मांस. एकदम संपत नसे म्हणून लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात काम नसलं की त्यावर घर चाले. वरच्या आळीतलं कुणी येताना दिसलं की आजी दोरीवर लुगडं टाकायची. मेलेल्याचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी 1927 ला महाडला सांगितलं होतं. आमच्या वाड्यानं सोडलं ते खूप नंतर, आणि त्याच्यापायी गावाशी भांडण झालं. काम नाकारलं म्हणून मजुरी बंद.

मी चान्या कधीच खाल्ल्या नाहीत. आजीच्या हातचं म्हणून कृती लिहून ठेवावी, असं मनात आलं आणि आईला विचारलं. ती एवढी चिडली! ‘ते सोडायला दोन पिढ्या गेल्या, आन् तू लिहून ठेवतूस?’ तिचं बरोबर आहे. माझंही फार चुकतंय असं वाटत नाही.

लालबाग

वडील गिरणीत. 82 च्या संपात घरात फक्त सुकट आणि भात. चाळभर तोच वास, त्यामुळे नाक कोण मुरडणार? आता त्याच जागी टॉवर झालाय, आम्हाला खोलीही मिळालीय. सुकट भाजली की ग्रुपवर मेसेज येतो, ‘कुठून वास येतोय?’ आई खिडक्या लावून घेते. संपात उघड्या असायच्या.

मूळचा नांदेडचा

काल आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, ‘दोरीवर सुट्ट्या सुट्ट्या घालायच्या, नाहीतर किडं धरतंय.’ आणि लगेच, ‘कुठं लिहिलं-बिहिलं न्हाईस ना?’

नाही म्हणालो.