मनोविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जायचंय: कोणाला काय माहीत आहे, लिहा

धागाकर्ती

माणूस महिनाभर नीट झोपलेला नाही, कामावरून आला की दिवा न लावता बसून राहतो, ताटावरून अर्ध्यात उठतो. घरच्यांना हे दिसतं. गाडी अडते ती पुढे. ‘चल, दाखवून येऊ’ हे म्हणायचं कसं, आणि तो हो म्हणालाच तर नेमकं कुठल्या दारात उभं राहायचं? ‘मनमोकळेपणाने बोला’ हे दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवलेलं आहेच, ते परत नको. रोज या कामात असणाऱ्यांनी लिहा. आपबीती नको, उद्या सकाळी वापरता येईल असं हवं.

समाजसेवा अधीक्षक, जिल्हा रुग्णालय

पहिली चूक केसपेपरच्या खिडकीवर होते. मागे रांग, रांगेत एखादा गाववाला, म्हणून ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगितलं जातं. पेपर निघतो मेडिसिन ओपीडीचा. तिथे दोन तास मोडतात, बी-कॉम्प्लेक्स आणि पित्ताची गोळी मिळते, आणि माणूस म्हणतो, ‘बघितलंत ना, मला काही झालेलं नाही.’ त्याला परत आणणं दुप्पट अवघड. मोठ्याने काही सांगायची गरजच नाही. कागदावर ‘मनोविकार विभाग’ लिहून तो खिडकीतून आत सरकवा.

ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, सगळीकडे रोज नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे, तिथे शुल्क विचारा.

बरोबर काय न्यायचं? चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच उचला. बीपी, साखर, आयुर्वेदिक काढा, सगळं. आणि एक पान लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, झोप किती वाजता लागते आणि किती वाजता मोडते, जेवण, काम, दारू किंवा तंबाखू रोज किती, नात्यात आधी कोणाला असं झालं होतं का. डॉक्टरांसमोर बसल्यावर रुग्ण ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा हे पान बोलतं.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ठाणे

‘बीपी तपासून येऊ’ असं खोटं सांगून नेऊ नका. दारावरची पाटी वाचता येते त्याला, आणि तिथून पुढे घरच्यांच्या शब्दाला किंमत राहत नाही. ‘तुझ्या डोक्यात बिघाड आहे’ हा सूरही नको. जे दिसतंय तेच बोला: ‘तीन आठवडे तू पहाटे तीनला उठतोयस, त्याचं औषध आहे का विचारून येऊ. मी बरोबर येते.’ झोप, भूक, धडधड यांबद्दल बोलायला कोणाला लाज वाटत नाही.

तरीही तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकट्याने जावं. बरेच डॉक्टर अशी भेट देतात. न पाहिलेल्या माणसाला औषध लिहून देणार नाहीत, पण वागायचं कसं आणि कशाला घाबरायचं हे सांगतील.

कोण काय करतं यात फार गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम (पदविका) केलेले डॉक्टर, औषधं तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात, त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर राग यायचं कारण नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र चार आठवड्यांच्या कोर्सवरही लागलेली दिसते. शिक्षण विचारा.

फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ एवढ्या रक्ततपासण्या होऊन जातात, आणि त्या व्हायलाच हव्यात, कारण थायरॉईड मंदावलं की उदासी, सुस्ती, विसराळूपणा सगळं नैराश्यासारखंच दिसतं. घोळ होतो तो रिपोर्ट नॉर्मल आल्यावर. ‘नॉर्मल आहे’ याचा अर्थ घरात ‘नाटक करतोय’ असा घेतला जातो.

औषधविक्रेता, मिरज

काउंटरवर रोजचा प्रश्न: ‘ह्या झोपेच्या गोळ्या ना? सवय लागंल.’ चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन वेगळी औषधं असतात आणि दोघांना एकाच मापाने मोजलं जातं.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही नैराश्य आणि चिंतेची औषधं. ही झोपेची नाहीत, आणि दारूसारखी तलफही लागत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. पण मळमळ, डोकेदुखी, जुलाब, थोडी बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर! निम्मी माणसं इथेच पाकीट कपाटात टाकतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि आठ-दहा दिवसांत बहुतेकांची ओसरते. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांत, तगमग किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सवयीची भीती खरी आहे ती अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांच्याबाबत. ती सुरुवातीचे थोडे आठवडे आधाराला दिलेली असतात. लोक करतात नेमकं उलटं: मुख्य औषध सोडतात आणि ‘ती छोटी गोळी’ वर्षभर मागत राहतात. जुनी चिठ्ठी दाखवून ती देऊ नये असा नियम आहे. अल्प्राझोलमसारख्या औषधाची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरात, रुग्णाच्या नावासकट करावी लागते, ते बघून गिऱ्हाईक घाबरतं. ते रजिस्टर औषध निरीक्षकाला दाखवायला असतं, सोयरीक जुळवणाऱ्यांना नव्हे.

बरं वाटलं म्हणून बंद करू नका. पहिल्या खेपेला बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग मात्रा उतरवत नेतात. एकदम सोडलं की गरगरणं, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि ‘बघा, सवय लागली’ असा निष्कर्ष निघतो. पुरवून वापरायला एक दिवसाआड घेणं, हेही तसंच. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध) चालू असणाऱ्यांनी अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. रक्तातलं लिथियम चढतं. उलट्या-जुलाब झाले किंवा दिवसभर उन्हात घाम गळला तरी तेच. हात थरथरायला लागले, तोल जायला लागला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आशा गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

देवर्षीशी भांडू नका. गंडा बांधला तर राहू द्या, गोळीही चालू राहू द्या. दोन्ही एका हातात मावतात. मात्र भूत उतरवायला मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत, तिथे गप्प बसायचं नाही.

‘जगून काय करू’ असं कोणी बोललं तर थेट विचारा: ‘मरून जावंसं वाटते का? कसं करायचं ठरवलं का?’ विचारल्याने डोक्यात नवीन काही घुसत नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच घरी. घरातल्या गोळ्याही एका जणाच्या ताब्यात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येते.

वकील, नागपूर

त्यालाच जोडून. आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावर घरचे पोलिसांच्या धाकाने दवाखान्यात ‘चुकून प्यायला’ म्हणतात, काय प्यायला तेही लपवतात. उपचार त्यावरच ठरतात, तेव्हा डबा किंवा लेबल घेऊनच जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असंच मानतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. नोंद होते, जबाब घेतात, तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही.

विमा सल्लागार

त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४): शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. अडचण अशी की ओपीडीची फी बऱ्याच पॉलिसींत मुळातच नसते. प्रस्तावाच्या अर्जात चालू औषधं लपवू नका. दावा नाकारायला तेवढंच कारण पुरतं.

काळजीवाहकांच्या गटातून, पुणे

वरणात गोळी कुस्करून देणं फार घरांत चालतं. चार दिवस निभतं. मग ताटात पांढरं काही दिसलं की माणूस घरचं जेवणच सोडतो, आणि डॉक्टरांना नेमकी किती मात्रा पोटात गेली ते कळत नाही. तुमच्याकडे हे चालू असेल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि तारीख. ती केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि गोळ्या सहसा तेवढ्याच दिवसांच्या मिळतात. घरच्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे मांडतात तिथेच, त्या तारखेच्या दोन दिवस आधी खूण करा. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, नुसती फुली पुरते.