डबल ग्लेझिंगच्या खिडक्या-दारं : दुरुस्तीचे तुमचे अनुभव सांगा

आमच्या हॉलच्या मोठ्या खिडकीला डबल ग्लेझिंग, म्हणजे मधे पोकळी ठेवून सीलबंद केलेल्या दोन काचा, आहे. त्या दोन काचांच्या मधे धुकं धरायला लागलं तेव्हा मी बरेच दिवस ती आधी आतून पुसली, मग बाहेरून पुसली, मग लक्षात आलं की ओल पुसता येईल अशा जागी नाहीच आहे. एका माणसाला बोलावलं तर त्यानं दोन मिनिटं बघून सांगितलं, चौकटीसकट अख्खी खिडकी बदला. मन मानेना, कारण चौकट ठणठणीत, कडी नीट लागतेय, बिजागऱ्या नीट आहेत. मग विचारत विचारत गेले तेव्हा समजलं की चौकट वेगळी, काचेचं सीलबंद युनिट वेगळं आणि कड्या-बिजागऱ्या-लॉक वेगळं, आणि यातलं एक गेलं म्हणून बाकीचं टाकून द्यायची काही गरज नसते. शेवटी फक्त काचेचं युनिट बदललं. चौकट अजून तीच आहे, पाच वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन काचांच्या मधे कडेनं चारी बाजूंनी एक पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यात ब्युटाइलचा थर आणि त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा थर. मधल्या जागेत कोरडी हवा नाहीतर आर्गॉन वायू. सील कुठे सुटलं की दमट हवा हळूहळू आत शिरते, दाणे शोषायची तेवढी ओल शोषतात आणि ते भरले की मग आपल्याला धुकं दिसतं. म्हणजे सील जातं त्याच्या बऱ्याच नंतर आपल्याला कळतं.

तर तुमच्याकडे काय बिघडलं, काय करून बघितलं, कशाचा उपयोग झाला नाही, सगळं लिहा. फसलेले प्रयत्न तर नक्की लिहा, पुढच्याचं नुकसान वाचेल.

*

आधी धुकं नेमकं कुठल्या बाजूला आहे ते बघा, मी हे न बघता उगाच घाबरले होते. आमच्या नव्या काचा बसवल्या आणि आठवड्याभरात सकाळी सकाळी बाहेरच्या बाजूनं दव, हात फिरवला की पुसलं जायचं. मला वाटलं माल खराब आला. पण ते उलट चांगलं लक्षण निघालं, घरातली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही त्यामुळे ती काच निरभ्र रात्री खूप गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर बसते, ऊन आलं की जातं. खोलीच्या बाजूनं ओल असेल तर घरात दमटपणा जास्त आहे, स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे, तिथं खिडकी दुरुस्त करून काही होत नाही, हवा खेळती ठेवावी लागते. दोन्हीकडून पुसून जात नाही ते मात्र मधलं, म्हणजे सील गेलेलं.

*

माझा अनुभव चुकीचा आहे पण लिहितो, कारण नवी काच मागवणाऱ्या कुणाचंही असं होऊ शकतं.

बेडरूमच्या खिडकीचं युनिट बदलायचं होतं. मी टेपनं दिसणारी काच मोजली, दोन्हीकडे रबराखाली थोडी काच जात असणार म्हणून अंदाजानं वाढवून माप दिलं. युनिट आलं ते आत बसेचना, रुंदीला चारेक मिलिमीटरनं मोठं. आणि ती टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, ती नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की पूर्ण काचेचा चुरा होतो, ती आधी मापात कापून मगच भट्टीत घालतात. ते युनिट वाया गेलं, परत मागवावं लागलं, तोपर्यंत जुनंच धुकट युनिट परत लावून बसलो.

दुसऱ्या वेळी बीडिंगच्या, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या, पट्ट्या काढून नीट मापलं. लांब पट्टीपासून सुरुवात करायची, मधोमध पातळ पत्रा सरकवायचा आणि हळू उचलायची, मधे ती वाकते आणि सुटते, कोपऱ्यातून उचकायला गेलात तर कोपरा तुटतो. कुठली पट्टी कुठली ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा. लावताना उलट, आधी आखूड पट्ट्या, शेवटी लांब. पट्ट्या निघाल्या की सरळ जुन्या युनिटचंच माप घ्या, रुंदी आणि उंची दोन्ही दोन-तीन ठिकाणी. चौकटीतली जागा मोजलीत तर सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून दर बाजूला साधारण 5 मिमी सोडा, कारण काच चौकटीला कुठेही टेकता कामा नये. जाडीही मापा. 4 मिमीची काच, 16 मिमीची पोकळी, परत 4 मिमी काच म्हणजे 24, पण 20 आणि 28 चीही युनिटं असतात, आणि जाडी चुकली तर पट्टी एकतर बसत नाही नाहीतर सैल राहते.

अजून एक, आपल्या काचेवर उष्णता परतवणारा लेप आहे का ते बघून घ्या, नाहीतर एक खिडकी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. अंधारात काचेपुढे लायटर धरला की ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल तर लेप आहे.

*

मी हेच काम करतो, चौदा वर्षं झाली, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

सील का जातं हे कुणी विचारतच नाही. काच बदलतात आणि चार-पाच वर्षांनी परत तेच. चौकटीत पाणी शिरणारच, कुठलीही बाहेरची रबरी पट्टी शंभर टक्के पाणी अडवत नाही, म्हणून चौकटीच्या खालच्या भागात पाणी बाहेर काढायच्या फटी दिलेल्या असतात. त्या माती, किडे, रंगकामाचा कचरा यांनी बुजतात. किती घरांत मी बघितलंय की कुणीतरी ही फट म्हणजे गळती समजून सिलिकॉन भरून टाकलंय. मग पाणी आत साचतं, युनिटची खालची कड सतत पाण्यात उभी राहते आणि कुठलंही सील पाण्यात कायम बुडून राहिलं की टिकत नाही.

दुसरं कारण पॅकिंग. युनिटच्या खाली प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवलेले असतात, त्यांनी काच चौकटीच्या तळापासून वर राहते. ठोकळा दोन्ही काचांखाली पूर्ण यायला हवा. एकाच काचेखाली आला तर दुसऱ्या काचेचं वजन नुसत्या सीलवर लटकतं. काच काढताना ठोकळे कुठे होते त्याचा फोटो काढून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भोक पाडून आतली ओल सुकवून देतो असं सांगणारे भेटतात. धुकं काही काळ जातं खरं, पण सील तसंच गेलेलं राहतं, वायू असला तर तो आधीच निघून गेलेला असतो, ओल शोषणारे दाणे भरलेलेच असतात. ओल राहून लेपावर डाग पडले असतील तर ते सुकवून जात नाहीत. थोडे दिवस काढायचे असतील, घर सोडायचं असेल तर ठीक, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

*

वरच्या दादांचं पॅकिंगचं वाचून आमच्या मागच्या दाराचं आठवलं. यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं दार, अर्ध्याहून जास्त काच. हळूहळू कुलुपाच्या बाजूनं खाली आलं, उंबऱ्याला घासायला लागलं, मग लॉक करायला हँडल वर उचलताना जोर लावावा लागायचा, आणि आम्ही सगळे जोर लावत राहिलो, एक दिवस हँडल नुसतंच लोंबायला लागलं. आतला गिअरबॉक्स, म्हणजे हँडलनं लॉक फिरवणारा भाग, तुटला.

दुरुस्तीला आलेल्या बाईंनी पहिलं काय केलं तर दार उघडं ठेवून हँडल आणि किल्ली फिरवून बघितली. म्हणाल्या हे आधी करायचं असतं. दार उघडं असताना लॉक अलगद फिरतं आणि बंद केल्यावरच अडतं, तर लॉक चांगलं आहे, दार जागेवर नाही. उघडं असतानाही अडतं तर लॉकमधे बिघाड. आम्ही हे वर्षभर आधी केलं असतं तर गिअरबॉक्स वाचला असता. नवीन घेताना त्याच्या पुढच्या पट्टीवरचा नंबर बघितला, हँडलची दांडी लॉकमधून आरपार जाते तिच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजलं, आमचं 92 मिमी होतं, आणि पट्टीच्या कडेपासून दांडीच्या मध्यापर्यंत 35. हे दोन आकडे जुळले नाहीत तर नवा बसत नाही.

मग खाली आलेलं दार वर कसं घेतलं ते बघण्यासारखं होतं. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू अ‍ॅलन कीनं फिरवून बघितले, त्यानं पुरेना, मग काचेच्या पट्ट्या काढल्या. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक ठोकळा आणि त्याच्या तिरक्या समोर, हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात दुसरा, असे काच आणि चौकटीच्या मधे घट्ट बसवले. काचच मग तिरक्या टेकूसारखी दार धरून ठेवते. जवळ जवळ पाच मिलिमीटर वर आलं. एका बोटानं बंद होतं आता.

*

आमचं दार फक्त दुपारी अडतं, सकाळी मस्त. गडद रंगाचं आहे आणि समोरून ऊन. हेही दार खाली आल्यामुळेच असेल का?

*

गरजेचं नाही. यूपीव्हीसी उन्हानं बरंच वाढतं, 2 मीटर उंचीचं दार 30 अंशांनी तापलं की साधारण 4 मिमी लांब होतं, गडद रंगाचं तर जास्तच तापतं. त्यामुळे सेटिंग नेहमी दार तापलेलं असताना तपासा. गार असताना अगदी टाइट बसवून घेतलंत तर दुपारी अडणारच. आणि घासतं म्हणून कड तासू नका, आतून ते पोकळ असतं.

*

ज्या खिडक्या हँडल आडवं केलं की दारासारख्या उघडतात आणि वर केलं की वरून आत कलतात, त्या कुणाकडे आहेत का? आमच्याकडे एकदा आईनं खिडकी उघडी असतानाच हँडल वर फिरवलं आणि अख्खा पल्ला वरच्या कोपऱ्यातून सुटून खाली एका बिजागरीवर लटकला. आई घाबरून मला हाका मारायला लागली, मी धावत जाऊन पल्ला धरला आणि तसाच धरून उभी राहिले, सोडला तर पडेल अशी भीती. प्रत्यक्षात खालची बिजागरी त्याला सोडत नाही, पण तेव्हा हे कुठे माहीत. शेजारच्या काकांनी सांगितलं आणि दोन मिनिटांत जाग्यावर आलं. बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला टेकवून दाबून धरायचा, पल्ल्याच्या कडेला हँडलजवळ एक छोटा खटका असतो तो बोटानं दाबायचा आणि हँडल आडवं करायचं, की पल्ल्याला वरून धरणारा धातूचा हात परत अडकतो. मग खिडकी लावून घ्यायची आणि हँडल खाली. तो खटका उघड्या पल्ल्यात हँडल फिरू नये म्हणूनच असतो, आमचा मळानं अडकून बसला होता. साफ केला, त्यानंतर परत झालं नाही. वयस्क माणसं घरात असतील तर तो खटका काम करतोय का ते आजच बघा.

*

सरकत्या दाराचं लिहितो. इतकं जड झालं होतं की मुलगी दोन्ही हातांनी ओढायची. मी रुळात तेल घातलं आणि ते सगळ्यात वाईट केलं, तेलाला धूळ चिकटून काळा लगदा झाला. दोष चाकांमधे होता, केस आणि धागे गुंडाळून एक चाक फिरतच नव्हतं, नुसतं घसटत होतं. पल्ल्याच्या कडेला खाली एक प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्यामागे स्क्रू, तो फिरवला की चाक वर-खाली होतं. चाकं आत घेऊन, वरचा अडसर काढून पल्ला उचलून बाहेर काढला. हे एकट्यानं अजिबात करू नका. काचेचं वजन 1 मिमी जाडीला दर चौरस मीटर अडीच किलो असतं, आमच्या पल्ल्यात 5 मिमीच्या दोन काचा आणि साधारण 2 चौरस मीटर, म्हणजे नुसती काच 50 किलो. आम्ही तिघं होतो तरी अवघड गेलं. नवीन चाकं टाकली, रूळ ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं पुसला, तेल नाही, फक्त थोडा सिलिकॉन स्प्रे.

*

रबरी पट्ट्यांबद्दलही हेच. मी व्हॅसलीन लावलं होतं मऊ पडावं म्हणून, ती फुगून खाचेतून बाहेर आली. ईपीडीएम रबराला पेट्रोलियमचं काही चालत नाही. आणि कुलपात तेल नको, ग्राफाइटची पूड घाला.

*

धागा काढणारी मीच. हे सगळं वाचून काल माझ्या त्याच खिडकीपाशी गेले, जिचं युनिट बदललं होतं. पाणी जायच्या फटींकडे इतक्या वर्षांत मी एकदाही बघितलं नव्हतं. खिडकी उघडून खालच्या खाचेत कपभर पाणी ओतलं तर ते तसंच थांबून राहिलं. बाहेरून बघितलं तर तीनपैकी दोन फटी मातीनं पूर्ण बंद आणि तिसरी अर्धी. प्लॅस्टिकची बारीक काडी घालून हळूहळू मोकळ्या केल्या, परत पाणी ओतलं, आधी काळं आलं, मग स्वच्छ, आणि शेवटी खाच पूर्ण रिकामी झाली. आज घरातल्या बाकीच्या सहा खिडक्या करायच्या आहेत.