संबोधन ही विभक्ती आहे की नुसती हाक?

पूर्वभाग_शिक्षिका:
विभक्तीचा तक्ता शिकवताना बरेच जण सप्तमीपाशीच थांबतात. संबोधन सोपं आहे, घरी वाचा, असं सांगून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात. भाषण लिहून आणतात त्यात "विद्यार्थीनो", "शेतकरीनो" असतं. म्हणजे "नो" ठाऊक आहे, अडतंय सामान्यरूपाशी, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्याच्याशी. आणि सामान्यरूप उघडं दिसतं ते संबोधनाच्या एकवचनातच, कारण तिथे प्रत्यय नसतो. माळ्याला हाक मारा: "माळ्या!" आता पुढे ला, ने, चा जोडा. माळ्याला, माळ्याने, माळ्याचा. देवा, घोड्या, शेतकऱ्या, सगळ्यांचं तेच. मी तर म्हणते, विभक्तीची सुरुवातच संबोधनापासून करावी.

होटगीरोडकर:
बाई, शिकवायची युक्ती म्हणून उत्तम. पण तेवढ्यानं ती विभक्ती ठरत नाही. "पोरा, पाणी आण" यात पोराचं "आण"शी नातं काय? कर्ता "तू", तो अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेला. "पोरा" काढला तरी वाक्य पुरं राहतं. पाणिनीनंही वेगळी विभक्ती मानली नाही. "सम्बोधने च" (अष्टाध्यायी २.३.४७) म्हणून प्रथमेतच घेतलं.

पूर्वभाग_शिक्षिका:
ते संस्कृतचं झालं. मराठीत प्रथमा "घोडा", हाक "घोड्या". प्रथमेत कसं बसवणार? आणि क्रियापदाशी नातं हीच कसोटी असेल तर "सोलापूरची चादर आण" यात षष्ठीचं नातं चादरीशी आहे, आणण्याशी नाही. षष्ठीही तक्त्यातून काढायची का?

कन्ना_चौक:
आमच्या घरी तेलुगूच. पिल्ललू म्हणजे मुलं, त्यांना हाक "पिल्ललारा". हाकेत शब्द बदलतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चुकतो तो अनुस्वार, आणि तो मराठी घरातलेही चुकतात. गड्ड्याच्या यात्रेत फलकावर "भाविकांनों" बघून जीव तुटतो. अनुस्वार सामान्यरूपावर, "कां"वर. "नो"वर काही नाही.

होटगीरोडकर:
अनुस्वाराचं शंभर टक्के मान्य. पण बाई, वर्गातल्या सुरेशला तुम्ही "सुरेशा" म्हणता का?

पूर्वभाग_शिक्षिका:
नाही. आणि "सुरेशाला" तरी कोण म्हणतं? "सुरेशला"च म्हणतो. पंढरीचा तो "विठ्ठला" आणि "विठ्ठलाला". शेजारचा पोरगा मात्र "विठ्ठल, ये" आणि "विठ्ठलला सांग". हाकेत रूप बदलत नाही तिथे पुढेही बदलत नाही. याहून पक्का पुरावा कुठला हवा?

अक्कलकोटची_लेक:
मग "मावशे"चं काय? आमच्याकडे आजही मावशे, आज्जे, आत्ये अशीच हाक. पुढे मात्र "मावशीला", "मावशेला" कधीच नाही. म्हणजे ही हाक सामान्यरूपातून आली नाही, तिचं स्वतःचं रूप आहे. माझ्या मते विभक्ती म्हणून वेगळी ठेवायला हेच कारण जास्त भक्कम आहे.

होटगीरोडकर:
रूप वेगळं, पण नातं कुठंय? शिवाय "लोकहो"! "नो"ला "लोकां" लागतं, "हो"ला नुसतं "लोक" चालतं. एकाच विभक्तीत दोन तऱ्हा.

पूर्वभाग_शिक्षिका:
द्वितीयेत स, ला, ते आहेतच की. "लोकहो", "सज्जनहो" आता व्यासपीठावरच ऐकू येतं, मैदानात "पोरहो" म्हणून कुणी ओरडत नाही. मी "नो" शिकवीन. आणि "मावशे" फळ्यावर वेगळ्या रकान्यात लिहीन, पोरींना घरी आजीला विचारून अशा आणखी हाका आणायला सांगेन.