मिऱ्याच्या पाण्यातली नारिंगी कॉलनी: ९८.२ टक्के म्हणजे नवी प्रजाती?

प्रश्न:
एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष. रत्नागिरीच्या मिऱ्याजवळच्या समुद्राचं पाणी झोबेल मरीन अगारवर (समुद्री जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) पसरलं, त्यात जिवाणूंची एक नारिंगी कॉलनी आली. १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात तो जीन) सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. ७०० बेस (डीएनएची अक्षरं) मिळाले, ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचं ऑनलाइन साधन) सगळ्यात जवळची जुळणी ९८.२ टक्के. ही नवी प्रजाती धरायची का?

उत्तर १:
इतक्यात नाही. जीन साधारण १५०० बेसचा असतो, तुझ्याकडे अर्धाही नाही. २७एफ आणि १४९२आर हे जीनच्या दोन टोकांचे प्राइमर (वाचन जिथून सुरू होतं ते छोटे तुकडे) वापरून दोन्ही बाजूंनी वाचून घे. क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक बेसचं शिखर दाखवणारा आलेख, स्वतः उघडून बघ. शेवटाकडे शिखरं एकमेकांत मिसळली असतील तर तिथून काप. टक्का बऱ्याचदा त्या गिचमिडीमुळेच घसरतो.

मग ईझेडबायोक्लाउड या डेटाबेसवर फक्त टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचा अधिकृत नमुना) ताडून पाहा. ब्लास्टच्या यादीतली नावं ज्याची त्याने टाकलेली असतात. अख्ख्या जीनवरही ९८.७ च्या खाली राहिलं तर आशा धर. वर गेलं तरी टाकून देऊ नकोस, व्हिब्रिओ या जिवाणूंच्या गटात ९९ च्या वर जुळूनही प्रजाती वेगळ्या निघतात. निकाल जीनोमवर लागतो: एएनआय (दोन अख्ख्या जीनोममधलं सरासरी साम्य, टक्क्यांत) ९५-९६ च्या खाली हवा.

तोवर थोडी कॉलनी स्लाइडवर घे आणि २० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंब टाक. नारिंगीचा तांबूस-जांभळा किंवा तपकिरी झाला तर फ्लेक्सिरुबिन जातीचं रंगद्रव्य. नाही झाला तरी हिरमुसू नकोस, फ्लेव्होबॅक्टेरिया या पिवळ्या-नारिंगी जिवाणूंपैकी समुद्रातल्यांत पुष्कळदा नुसते कॅरोटिनॉइडच (गाजरासारखं रंगद्रव्य) असतात.

आणि या सगळ्याआधी, आजच, ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेलं जिवंत कल्चर) करून उणे ८० अंशांना ठेव. मी कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत सूक्ष्मजीवांचा संग्रह) काम करते म्हणून कळकळीने सांगते: कल्चर मेलं की उरतो तो नुसता सिक्वेन्स. टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये जिवंत ठेवल्याशिवाय नाव वैध होत नाही. एक पुण्याच्या एमसीसी या संग्रहात (आता एनसीएमआर) ठेवता येईल, दुसरं जपानच्या जेसीएमसारख्या संग्रहात. बाहेर पाठवण्याआधी जैवविविधता कायद्याची कागदपत्रं गाइडकडून बघून घे.

उत्तर २:
ताईंचं पटलं. एक भर घालतो. पाणी उरलं असेल तर झोबेल दहापट पातळ करून लाव आणि प्लेटा तीन आठवडे ठेव. झोबेलमध्ये लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन असतं, समुद्रात एवढी चंगळ कुठली! एसएआर११ या समुद्री जिवाणूंच्या गटाचा १६एस १९९० मध्ये सर्गासो समुद्रातून मिळाला होता, पण जिवंत कल्चर हाती आलं २००२ मध्ये. त्यासाठी समुद्राचंच पाणी निर्जंतुक करून माध्यम केलं आणि प्लेटच्या एकेका खळग्यात (वेल) मोजक्याच पेशी येतील इतकं विरळ केलं.

प्रश्नकर्ती:
ताई, ६४० नंतर शिखरं खरंच मिसळलीत. केओएचने रंग बदलला नाही. स्टॉक केला. १४९२आरने वाचायला उद्या देते.

उत्तर १:
छान. दोन्ही रीड जोडल्यावर टक्का इथेच टाक. आणि स्टॉकच्या दोन कुप्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेव.