नुसतं दिसून भागत नाही

शेतापर्यंत डिश लावून वायरलेस लिंक न्यायची, तर कोणी म्हणतं, दुर्बिणीतून शेतावरची टाकी स्पष्ट दिसते, म्हणजे ३ किलोमीटरची लिंक लागणारच. तेवढ्यावर जाऊ नका. ५.८ गिगाहर्ट्झला मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या लंबगोल जागेची, त्रिज्या सव्वासहा मीटरच्या आसपास येते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळी हवी. मधली आंब्याची झाडं वाढणार, शिवाय पावसात ओली पानं सिग्नल खातात. डिशचा पाइप उंच घ्या, पण त्याला तारांचे ताण द्या, नाहीतर वाऱ्यात डिश डुलते.

डिश जुळवताना सिग्नल चढला की लगेच बोल्ट आवळू नका, तो बाजूचा लोब, म्हणजे मुख्य झोताशेजारचा कमजोर झोत, असू शकतो. डिश दोन्हीकडे आणखी फिरवून बघा. खरं शिखर बरंच उंच असतं. अर्थिंगचं सांगायला नकोच.